पाण्याची वाटणी

"ताई, कुणाला बोलू नका अजून. पण आम्ही घर पाडतोय."

एका मराठी माणसाने दुसऱ्याला 'कुणाला बोलू नका' म्हटलं की ती बातमी शनिवारच्या मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत पोचते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. त्यामुळे मी इथे लिहितेय यात विश्वासघात वगैरे काही नाही. वहिनींचं नाव तेवढं सांगत नाही. मेलबर्नच्या पूर्वेला, डँडेनाँगच्या डोंगराच्या पायथ्याशी, उताराच्या एका गल्लीत आम्ही राहतो, एवढं पुरे. त्यांचा ब्लॉक रस्त्याकडून मागे उतरत जातो आणि जाता जाता थोडा माझ्या बाजूला झुकतो. म्हणजे त्या वर, मी खाली. हे वर-खाली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्यातलं कुंपण लाकडी फळ्यांचं, माझ्या डोक्याएवढं. वहिनी उलटा क्रेट घेऊन त्यावर उभ्या राहतात आणि मी लिंबाच्या झाडाखालच्या दगडावर चढते. बातम्यांची सगळी देवाणघेवाण तिथूनच होते.

"पाडताय? चांगलं चाललंय की घर."

"काय चांगलं! सत्तरच्या दशकातलं आहे. खिडकीतून वारा येतो, बाथरूम एक. आणि यांचं म्हणणं, ब्लॉक पाव एकराचा आहे. आत्ता पुढे नवीन घर बांधू, मागचं मोकळं ठेवू. चार-पाच वर्षांनी सबडिव्हिजन करून मागचा तुकडा वेगळा काढायचा. मुलगा राहिला तर मुलाला, नाहीतर विकून टाकू."

पाव एकर म्हणजे बरोबर दहा गुंठे. इथल्या इस्टेट एजंटाला गुंठा कळत नाही, पण वहिनींच्या सासऱ्यांना साताऱ्यात फोनवर सांगताच कळला. "दहा गुंठे? मग पाच-पाच करून टाका," म्हणाले. घराचा आराखडाही न बघता त्यांनी वाटणी करून दिली.

वहिनी आराखडा घेऊनच आल्या होत्या. मोठा कागद, घड्या घालून घालून मऊ झालेला. त्यांना मला स्वयंपाकघर दाखवायचं होतं. मधला ओटा, मागे फोडणीचं वेगळं स्वयंपाकघर, कपडे धुण्याची खोली. मी सगळ्याला 'छान, छान' म्हणत होते, पण डोळे काही केल्या मागच्या अंगणात ओढलेल्या एका तुटक रेघेवरून हलेनात. सर्व्हेअरच्या ऑफिसात नकाशे काढण्यात नोकरीची वर्षं गेली की ही खोड लागते. लोक आधी बेडरूम मोजतात, आम्ही पाइप शोधतो.

"वहिनी, ही रेघ कसली, बघितलीत?"

"ती पावसाच्या पाण्याची. छपराचं पाणी जातं ना मागे, तीच. त्यात काय बघायचंय?"

रेघ घराच्या चारही डाउनपाइपांकडून गोळा होत मागच्या भिंतीपाशी येत होती. तिथून ती अंगणातून सरळ तिरकी निघून मागच्या कोपऱ्यातल्या पिटपर्यंत, म्हणजे पाण्याच्या झाकणबंद खड्ड्यापर्यंत, गेली होती. प्लंबरचाही दोष नाही. त्याला एक घर सांगितलं, एक पिट दाखवला, त्याने सगळ्यात जवळचा रस्ता काढला.

"बरं, तुमचं मागचं घर कुठे येणार?"

वहिनींनी कागदावर बोट टेकवलं. बोट बरोब्बर तुटक रेघेवर पडलं. त्यांनी बोट थोडं डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे. तिथे तर ड्राइव्हवे येणार होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता जरा खुलासा करते, कारण देशातून नवीन आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. मेलबर्नमध्ये मैलापाणी आणि पावसाचं पाणी पूर्ण वेगळं. मैलापाणी वॉटर कंपनीचं, ते शुद्धीकरणाला जातं. पावसाचं पाणी कौन्सिलच्या नळांतून तसंच ओढ्याला आणि तिथून समुद्राला, पोर्ट फिलिपच्या उपसागराला. छपराचं पाणी मैलापाण्याच्या नळात सोडणं बेकायदा. आणि तुमच्या जमिनीतलं पाणी कुठल्या ठिकाणी कौन्सिलच्या नळाला जोडायचं, हे तुम्ही ठरवत नाही. कौन्सिल ते लेखी देतं. त्याला म्हणतात लीगल पॉइंट ऑफ डिस्चार्ज. बोलताना सगळे नुसतं लीगल पॉइंटच म्हणतात. आमच्या गल्लीत रस्ता वर आणि अंगण खाली, म्हणून कौन्सिलचा नळ मागच्या कुंपणालगतच्या ईझमेंटमधून, म्हणजे नळासाठी राखलेल्या पट्ट्यातून, जातो आणि लीगल पॉइंटही तिथेच.

"म्हणजे आमचं बरोबरच आहे की. मागेच जातंय."

"आज बरोबर आहे. आज सगळे दहा गुंठे तुमचे. उद्या दोन टायटलं झाली की पुढच्या घराचं पाणी मागच्या माणसाच्या जमिनीखालून जाणार. त्याला कागदावर हक्क लागतो, सबडिव्हिजनच्या नकाशात ड्रेनेज ईझमेंट दाखवावी लागते. आणि त्या पट्ट्यावर घर चढवता येत नाही. पाइप तिरका असला की पट्टाही तिरका. तुमच्या पाच गुंठ्यांचे दोन त्रिकोण होतील, आणि त्रिकोणात घर कोण बांधणार?"

"अगंबाई!"

"त्या पलीकडच्या गल्लीतलं पांढरं घर आठवतंय? मोठा पॅर्गोला होता, वेल चढवलेला."

"हो हो. दिवाळीला तिथेच तर फराळ झाला होता."

"त्यांचं असंच झालं. आधी पुढचं घर, मग मागे फरशी, पॅर्गोला, सगळं सजवलं. आणि सबडिव्हिजनला गेले तेव्हा कळलं की पाइप बरोबर मधोमध. फरशी उखडली, पॅर्गोला उतरवला, कुंपणाकडेने नवीन चर खणला, नवीन पाइप घातला. चर उघडा असतानाच आठवडाभर पाऊस. अंगणात नुसता राडा."

"मग ती दोघं वेगळी झाली ना हो त्यानंतर?"

"ती पाइपमुळे नाही झाली, वहिनी."

त्या प्रकरणावर थोडा वेळ गेला. तो भाग इथे देत नाही.

"मग करायचं काय?" वहिनी कागदावर आल्या.

करायचं एवढंच, की उद्याची हद्द आज कागदावर ओढायची. सबडिव्हिजन आज करायची गरज नाही, पण ती कुठून होणार हे घराच्या नकाशाच्या आधी ठरायला हवं. सर्व्हेअरला बोलावून ब्लॉकच्या पातळ्या मोजून घ्यायच्या. मागच्या घराला रस्त्यावरून जायला एका कुंपणालगत चिंचोळी वाट सोडावी लागते. अशा ब्लॉकला इथे बॅटल-अ‍ॅक्स म्हणतात. ती वाट वहिनींच्या वरच्या अंगाला. आणि पाण्याचा पाइप खालच्या अंगाने, कुंपणाला समांतर, मागपर्यंत. दोन मीटरचा पट्टा त्यासाठी राखून ठेवला की मागच्या घराला चौकोनी जागा शिल्लक राहते.

"खालच्या अंगाने म्हणजे तुमच्या कुंपणाला लागून?"

"माझ्याच."

"तुम्हाला चालेल?"

खरं सांगायचं तर तो पाइप माझ्या कुंपणालगत हवा आणि नीट हवा, हा माझाच स्वार्थ. वहिनींच्या अंगणातलं पाणी सुटलं तर कुठे येणार? माझ्या लिंबाखाली. गावाकडे पागोळीचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं यावरून भावकी कोर्टात गेलेली आपण पाहिलेली आहे. इथे व्हिक्टोरियातही 1989 च्या वॉटर अ‍ॅक्टमध्ये कलम 16 आहे. एका जमिनीतून दुसरीत अवाजवी रीतीने पाणी गेलं आणि नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते, आणि भांडण ट्रिब्युनलकडे जातं. उतारावरून आपसूक येणाऱ्या पाण्याला कुणी जबाबदार नाही. पण तुम्ही काँक्रीट ओतलंत, उंचवटा केलात, पाणी एका जागी गोळा करून सोडलंत, तर ती गोष्ट वेगळी. वहिनींना मी कलम सांगितलं नाही. शेजाऱ्याला कलम सांगायचं नसतं. "मला चालेल, फक्त पाइप आधी आणि काँक्रीट नंतर," एवढं म्हटलं.

खरा घोळ असतो तो खोलीचा. लांबी सगळ्यांना दिसते, खोली कुणालाच दिसत नाही. जमिनीखालच्या पाइपाला किमान उतार शंभराला एक, म्हणजे मीटरला एक सेंटिमीटर. आमच्या गल्लीत उतार भरपूर, तेव्हा पाणी वाहून जाण्याची चिंता नाही. पण मागचं घर उतारावर बांधायचं म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबसाठी जमीन कापून सपाट करावी लागणार. प्लंबरने आज जेमतेम मातीआड पाइप घातला, आणि उद्या कडेची अर्धा मीटर माती निघाली, की पुढच्या घराचा पाइप उघडा हवेत लोंबेल. म्हणून हिशेब खालून वर करत यायचा. आधी लीगल पॉइंटपाशी कौन्सिलच्या नळाचा तळ किती खोल आहे ते बघायचं, मग मागच्या घराची जमीन कुठल्या पातळीला येईल ते, आणि त्यावरून पाइपची खोली. नळाच्या त्या तळाला इन्व्हर्ट म्हणतात. ज्या नकाशावर इन्व्हर्टचे आकडे नाहीत तो ड्रेनेजचा नकाशा नव्हे, ते चित्र.

वहिनींच्या नकाशावर एकही आकडा नव्हता.

दुपारी भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, ऑफिसातून आले आणि आम्ही तिघं मागच्या कोपऱ्यातल्या त्यांच्याच हद्दीतल्या पिटपाशी गेलो. झाकण उचलायला पहार लागली. झाकणाखाली कडेला पाठीवर लाल पट्टा मिरवत रेडबॅक कोळी बसलेला. भाऊंनी झाकण तसंच सोडून दिलं, आणि कोळ्याची रीतसर बोळवण झाल्यावर दुसऱ्यांदा उचललं. आत खापराचा जुना पाइप. सांध्यातून गमच्या झाडाची मुळं आत घुसून केसांच्या गुंत्यासारखी लोंबत होती. त्यातून पाणी जात होतं हेच नवल. टेप सोडून मापलं, भाऊंनी फोनवर लिहून घेतलं. या जुन्या पाइपाला नवीन घर जोडायचा विचारही करू नका, असं मी म्हटलं. भाऊंना ते मनापासून पटलेलं दिसलं. मुळांमुळे की कोळ्यामुळे, माहीत नाही.

"पण इथे पाऊस तो कितीसा?" वहिनी म्हणाल्या. त्या कुर्ल्याच्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला तेव्हा त्या कमरेएवढ्या पाण्यातून घरी आल्या होत्या. मेलबर्न शहरात एवढा पाऊस वर्षभरात पडत नाही. त्यामुळे इथल्या पावसाला त्या 'शिंपण' म्हणतात आणि छत्रीही नेत नाहीत.

त्यांचं बरोबर आहे. पण छपराला वर्षाचा पाऊस कळत नाही, त्याला त्या घटकेची सर कळते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. नवीन घराचं छप्पर अडीचशे चौरस मीटरचं धरा. अर्ध्या तासात वीस मिलिमीटरची सर आली की पाच हजार लिटर. म्हणून इथल्या प्लंबिंगच्या स्टँडर्डमध्ये पन्हळीचं गणित वर्षाच्या सरासरीवर बसवत नाहीत, पाच मिनिटांच्या जोरदार सरीवर बसवतात. आणि मागचं दुसरं छप्पर आलं, ड्राइव्हवेचं काँक्रीट आलं, की त्याच उतारावरून पाणी दुप्पट. पुढचं आणि मागचं पाणी जिथून एकत्र जाणार तिथला पाइप दोन घरांच्या हिशेबाने घ्या. आत्ताच्या एका घराला पुरतो म्हणून बारीक घालू नका.

"आमचे पर्थचे दीर म्हणतात एवढं कशाला, खड्डा करून मुरवा. त्यांच्याकडे तसंच आहे."

पर्थला वाळू आहे, तिथे घराशेजारच्या सोकवेलमध्ये छपराचं पाणी मुरवतात, रीतसर. आमच्याकडे चिकणमाती. ती पाणी पीत नाही, फुगते. उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसात फुगते, आणि वर बसलेल्या स्लॅबला घेऊन वर-खाली होते. पायाजवळ गळका पाइप किंवा मुरवणीचा खड्डा म्हणजे दारं अडकायला आणि भिंतींना तडे जायला आमंत्रण. दिरांना सांगा, वाळू पाठवा.

दुसरा सल्ला भाऊंच्या ऑफिसातल्या कुणीतरी दिला होता: पंप बसवा, पाणी वर रस्त्यावर ढकला. ज्यांच्या मागे कौन्सिलचा नळच नाही, आणि खालचा शेजारी ईझमेंट द्यायला तयार नाही, त्यांच्यावर ही पाळी येतेही. पण पंपाला वीज लागते, आणि वीज जाते ती वादळातच. जून 2021 च्या वादळात या डँडेनाँगच्या डोंगरात कित्येक घरं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. मागे चांगला उतार असताना पंप बसवणाऱ्याला मी हात जोडते.

"मग ती टाकी? बिल्डर म्हणतो दोन हजार लिटरची टाकी आहे, पाणी तिच्यात जाईल."

टाकी चांगलीच. संडासाला, बागेला पाणी होतं. पण भरलेल्या टाकीत वादळाचं पाणी कुठे मावणार? ते ओसंडून त्याच पाइपात. कौन्सिलला हवी असते ती वेगळी गोष्ट, ऑन-साइट डिटेन्शन. म्हणजे सरीचं पाणी काही काळ धरून ठेवायचं आणि बारीक भोकातून हळूहळू सोडायचं, म्हणजे खालच्या जुन्या नळावर एकदम भार येत नाही. दुसरं घर आलं की ही अट हमखास येते.

"मग तीही आत्ताच बांधून टाकू? एकदाच खर्च होईल."

नको. इथे माझं मत जरा उलटं आहे, आणि भाऊंना ते ऐकून बरं वाटलं. पाइपाची वाट आणि खोली आज ठरवा, कारण चर आज खणला जातोच आहे आणि जास्तीचे काही मीटर पाइप घालायला फार पडत नाही. मागच्या घरासाठी एक तोंड काढून टोपी लावून ठेवा. पण डिटेन्शनची टाकी आज बांधू नका. पाच वर्षांत कौन्सिलचं गणित बदलेल, मागच्या घराचा आकार बदलेल, आणि तुम्ही बांधलेली टाकी छोटी म्हणून नापास होईल. जागा तेवढी मोकळी ठेवा. तिथे शेड उभारू नका, काँक्रीट ओतू नका. तसंही ब्लॉकचा साधारण पाचवा हिस्सा पाणी झिरपेल असा ठेवावा लागतोच.

"आणि ड्राइव्हवे सामाईक ठेवला तर? यांचा तो विचार चाललाय."

तर मग ओनर्स कॉर्पोरेशन, म्हणजे आपली सोसायटीच. दोन घरांना कायद्याने बऱ्याच गोष्टींतून सूट आहे, पण सोसायटी ती सोसायटी. एक जण अध्यक्ष, दुसरा सेक्रेटरी, आणि तक्रार करायला सभासद कुणी उरतच नाही. मला विचाराल तर पुढचा आणि मागचा यांचं सामाईक जेवढं कमी तेवढं प्रेम जास्त. पाइपासाठी ईझमेंट द्या, वाट मागच्याच्या नावावर करून टाका आणि मोकळे व्हा.

त्यावर भाऊ म्हणाले, "मागे आमचा मुलगाच राहिला तर?"

"मग तर कागद आणखी पक्का करा," वहिनी म्हणाल्या. "सून कशी येईल कुणास ठाऊक."

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि वहिनी पळाल्या. भाऊंनी त्याच संध्याकाळी प्लंबरला फोन केला. प्लंबर थोडा कुरकुरला, मग म्हणाला, रेघ कुंपणाकडेने घ्यायला काहीच हरकत नव्हती, मागे घर येणार आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. कौन्सिलच्या अर्जातही एकाच घराचा उल्लेख होता. तो आता बदललाय.

तुमचाही असा लांबोडका ब्लॉक असेल आणि मागचं 'नंतर बघू' म्हणून सोडलं असेल, तर लीगल पॉइंटच्या अर्जात दोन लॉटचा विचार आहे हे स्पष्ट लिहा. खणण्याआधी 'बिफोर यू डिग' वर जमिनीखाली काय काय आहे ते मागवून घ्या, ते फुकट मिळतं. आणि चर बुजवायच्या आधी पाइपावर टेप धरून, कुंपणापासूनचं अंतर आणि खोली दिसेल असे फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी प्लंबर दुसरा असेल, आणि पाइप नेमका कुठे आहे हे तेव्हा फक्त त्या फोटोंतच सापडेल.